ऑपरेशनच्या खोलीतलं कार्ड

माझा जन्म कळव्याचा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. वडील मासेमारी करायचे आणि शाळेतून आलो की मी त्यांच्याजवळ जाळं विणायला बसायचो, म्हणजे गाठ मारणं हे बोटांना लहानपणीच ठाऊक झालं, ते पुढे कामाला आलं, ते सांगतो. खाडीत मासळी कमी झाली तसं वडील म्हणाले, नारायणा, ह्यात आता काही राहिलं नाही, तू हातात पाना घे. मग आयटीआयला फ्रिज-एसीचं शिकलो, ठाण्यात एका दुकानात खिडकीतले एसी उतरवले, चढवले, सात-आठ वर्षं तेच केलं. लग्न झालं, बायको शहाडची, मंदा. तिचा धाकटा भाऊ दामू बारावीला बसलेला, पुढे काही करत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, ह्याला तुमच्या हाताखाली घ्या. घेतला. काय सांगू तुम्हाला, सख्ख्या भावाला मी इतकं शिकवलं नसतं.

तेव्हा भिंतीवरचे एसी नवीन नवीन आलेले. खिडकीतल्या मशीनचं काय बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं. ह्या भिंतीवरच्याच्या पोटात सर्किटचा बोर्ड असतो, आम्ही त्याला कार्ड म्हणतो, पंखा कधी चालवायचा, बाहेरचा कॉम्प्रेसर कधी, सगळं तेच ठरवतं. आमच्याकडे वीज अशी खालीवर व्हायची की कार्डं पटापट जळायची. बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम, मेन बंद करा, झाकण काढा, चार स्क्रू, जुनं काढा, नवीन बसवा. पण वायरिंगवाले हाताला येईल ती वायर ओढून ठेवायचे, सगळ्या काळ्या, आणि एक जरी चुकीच्या जागी लागली तरी नवीन कार्ड तिथल्या तिथे गेलं. म्हणून मी काढायच्या आधी प्रत्येक वायरला जाळ्याचा दोरा बांधायचो, पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, आणि काम झालं तरी दोरे तसेच ठेवायचो, पुढच्या वेळी उपयोगी पडतात. असं करणारी आमच्या भागात दोनच माणसं, मी आणि दामू. दामू डावखुरा, त्याची गाठ उलटी बसायची. मी त्याला हसायचो, अरे, तुझ्या जाळ्यातून मासे परत जातील. तो म्हणायचा, भावोजी, मला मासे कुठे धरायचेत, गिऱ्हाईकं धरायचीत.

डोंबिवलीत एका डॉक्टरबाईंचं प्रसूतिगृह होतं. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातची. ऑपरेशनच्या खोलीतला एसी मी लावलेला आणि त्याला त्या दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. ओळखीच्या डॉक्टरांना सांगायच्या, नारायणला बोलवा, तो खोटं बोलत नाही. ह्या एका वाक्यावर माझी निम्मी कामं चालायची.

एका मे महिन्यात त्या एसीचं कार्ड गेलं. मी नवीन आणलं, बाईंच्या समोर खोका फोडला, बसवलं, मशीन सुरू करून दाखवलं आणि जुनं कार्ड कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं, ती माझी पद्धतच होती. दामू त्या दिवशी ठाकुर्लीला दुसऱ्या कामावर होता. नवव्या दिवशी शेजाऱ्यांकडे फोन आला, मशीन बंद आहे, ताबडतोब या. मी दामूला घेऊन गेलो. बाई दारातच उभ्या. म्हणाल्या, आज सिझेरियन ठरलेलं, त्या पेशंटला तसंच कल्याणला पाठवावं लागलं. नारायण, तू मला जुनं कार्ड लावलंस? मी म्हटलं, बाई, खोका तुमच्यासमोर फोडलेला. त्या म्हणाल्या, खोक्यात नवीन की जुनं, मला काय कळतं? दामू सोमवारी फिल्टर साफ करायला आलेला, तेव्हाच म्हणाला की हे कार्ड जुनं दिसतंय. मीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

सोमवारी दामू तिथे गेलेला हे मला माहीतच नव्हतं. स्टुलावर चढलो, झाकण काढलं. आत कार्ड जुनंच होतं, कोपऱ्यावर स्क्रूड्रायव्हरने ओढलेली फुली. ती माझ्याच हातची. गरम झालं की बंद पडतं अशा कार्डावर मी फुली मारायचो आणि घरी ट्रंकेत ठेवायचो, सुटे पार्ट काढायला. आणि वायरींची टोकं नव्याने कापलेली, माझे दोरे त्यांच्याबरोबर गेलेले, त्यांच्या जागी नवे, एक, दोन, तीन, गाठी बरोबर, पण तिन्ही वायरींवर उलट्या बसलेल्या. दामू खाली टॉर्च धरून उभा होता. उजेड जराही हलत नव्हता.

मी वाट बघितली. म्हटलं, आता बोलेल. मग मीच बोललो, बाई, कार्ड जुनं आहे खरं, पण हे मी लावलेलं नाही. बाईंनी विचारलं, मग कोणी लावलं? आणि माझ्या तोंडून नाव निघेना. बायकोचा भाऊ, चार वर्षं माझ्या ताटात जेवलेला. तेवढ्यात दामूच म्हणाला, जाऊ द्या भावोजी, चूक होते माणसाकडून.

बाई म्हणाल्या, नारायण, ह्यापुढे तू येऊ नकोस, दामूला पाठव.

घरी आलो. ट्रंकेची किल्ली मंदाकडे असायची. उघडायला लावली, फुलीचं कार्ड त्यात नव्हतं. ती मासे साफ करायला परत जाऊन बसली. मी विचारलं, दामूला तू दिलंस? म्हणाली, मागितलं, दिलं. कशाला पाहिजे ते सांगितलं त्याने? हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, तुमचं नाव झालंय, तुम्हाला दहा दारं उघडी आहेत. त्याचं पण काहीतरी व्हायला नको का?

दहातली आठ दारं त्याच पावसाळ्यात बंद झाली. बाईंनी कोणाला काय सांगितलं ते मला कळलं नाही, फोन येईनासे झाले एवढं कळलं.

आता दामूचं कल्याणला दुकान आहे, बोर्डावर त्याचं एकट्याचं नाव. मी घरीच बसून जळलेली कार्डं दुरुस्त करतो. त्याला जी कार्डं जमत नाहीत ती मंदा माहेरून येताना पिशवीत घेऊन येते, वर भाजी ठेवलेली असते. कोणाची ते ती सांगत नाही, मी विचारत नाही. करून देतो, नीटच करतो, शेवटी कोणाच्या तरी घरी लागणार असतात. दामूचं भलं होवो, त्याच्या पोरांना देवाने काही कमी करू नये, हे मी मनापासून म्हणतो. फक्त डॉक्टरबाई बाजारात समोरून येताना दिसल्या की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. केलं काही नाही मी, तरी जातो.