रस्सा सांडेल, सरका!

...आणि वर मलाच विचारतात, "चालत कशाला निघालात?" अहो, चालायचं म्हणूनच चालत निघाले ना! तुम्हाला सांगते, कॅन्सर परवडला, केमो परवडली, पण इंडोनेशियातल्या योग्याकार्तातली ही आमची गल्ली... नको रे बाबा!

झालं काय, केमो संपली तरी थकवा हटेना. भात वाढून घेतला की दम, केस विंचरले की... केस कुठले म्हणा, टोपी घातली की दम! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लस्त्रीबाई, हा थकवा झोपून जात नाही, चालून जातो. रोज थोडं थोडं चाला." तिकडे पोरीचं लग्न ठरलेलं! आमच्यात नवरीच्या आईनं मांडवात उभं राहायचं, शेवटच्या पाहुण्याचा हात हातात घेईपर्यंत. आणि नणंद सुमार्नी टपलेलीच! "वहिनी, तुला कुठं झेपणार? मी राहीन की तुझ्या जागी उभी!" नुसतं बोलून थांबते का? लग्नात मिरवायला नवा केबाया शिवून मोकळी! माझ्या पोरीच्या लग्नात ही आई? मेले तरी जमायचं नाही म्हटलं.

निघाले. पहिलंच घर. "कुठं निघालात?" "कुठं नाही, अशीच." अशीच?! बिनकामाची बाई रस्त्यात दिसली की आमच्याकडे आत ओढतात. बसा, गोड चहा घ्या, तळलेली केळी घ्या! पुढच्या घरी परत तेच. तिथून सुटले तर मागून शेजारचा गुनो मोटारसायकलवर, "काकू, आजारी माणसानं चालायचं? बसा मागं, सोडतो." कुठं सोडतोस बाबा? मला कुठं जायचंच नव्हतं! आणून सोडलं घरी. चालणं शून्य, केळी पोटभर!

मग केली युक्ती. झाकणाचं पातेलं घेतलं, आत नुसतं पाणी. "कुठं निघालात?" "हार्जो मास्तरांना रस्सा द्यायला." मास्तर राहतात गल्लीच्या पार टोकाला, बायको वारलेली, एकटा जीव. रस्सा गार होईल म्हणून कुणी बसवेना, आणि गुनो आला की, "नको रे, सांडेल!" टोकाला जायचं, पाणी मास्तरांच्या कुंपणाबाहेरच्या केळीला घालायचं, परत फिरायचं. मला कुठं जायचंच नव्हतं! पण पायांत जीव यायला लागला हो.

गल्ली गप्प बसेल तर ती गल्ली कसली! सुमार्नी दारोदार, "अगंबाई! रोज रस्सा? एकट्या पुरुषाला?" गेलं मास्तरांच्या कानावर. एक दिवस बघते तर मास्तर फाटकात उभे! इस्त्रीचा सदरा, हातात रिकामा वाडगा! "आज... सांडला वाटेत," म्हटलं नि पळाले. दुसऱ्या दिवसापासून खराखुरा रस्सा. कोंबडी आणा, हळद वाटा, गवती चहा ठेचा... चालण्यानं गेलेला थकवा चुलीपाशी परत!

आलं लग्न. उभी राहिले! सुमार्नी नव्या केबायात खुर्चीवर पाय चोळत बसलेली, आणि मी उभी! पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू? शेवटचा पाहुणा कोण? हार्जो मास्तर. हात धरला, सोडेचनात. डोळ्यांत पाणी. "लस्त्रीबाई, एवढ्या दुखण्यात माझ्यासाठी रोज चालत आलात! आता एक पाऊल टाकायचं नाही. स्कूटर घेतलीय मी. रस्सा न्यायला रोज मीच येणार!"

मला कुठं जायचंच नव्हतं... आता रोज पातेलं घेऊन दारात वाट बघत उभी असते. उभं राहायची सवय झालीच आहे म्हणा!