स्तेफानच्या पायाशी सहा फुलं

(किशिनाऊ, शनिवार. बागेच्या दाराशी स्तेफान राजाचा पुतळा. लोक त्याला संत मानतात. पायाशी फुलं वाहायला नवविवाहितांची रांग.)

अंगेलिना: लग्न मोडलं, बाबा. यूरिये आलाच नाही.

सेराफिम: काही मोडलंबिडलं नाही. झगा उचल, रांग सरकली.

अंगेलिना: रांगेत सगळ्या जोड्या आहेत. माझ्याबरोबर तुम्ही.

सेराफिम: का, मी वाईट दिसतो? कोट नवा आहे.

अंगेलिना: यूरियेचा आहे.

सेराफिम: मग वाया घालवू? हे बघ, आत्ता आईचा फोन येईल. तिकडे इटलीत पगारावर एका म्हातारीचं हागणंमुतणं काढून तिनं हा झगा पाठवला. तिला सोडून एक दिवस निघता येत नाही. लेकीला इथं फुलं वाहताना बघायचं, एवढंच म्हणाली.

अंगेलिना: आणि नवरा?

सेराफिम: तो चित्रात मावत नाही म्हणू. वाजला बघ, उचल.

परास्किवा (फोनच्या पडद्यावर): अगं माझी राणी! जरा मागे हो, स्तेफान दिसू दे. हां. हात वर करून उभाच आहे का अजून?

सेराफिम: बस थांबवतोय. कुणी थांबत नाही.

परास्किवा: तुम्ही गप्प बसा. जावई कुठंय?

सेराफिम: झाडाखाली. ऊन लागलं त्याला.

परास्किवा: पाऊस पडतोय की तिथं.

सेराफिम: म्हणजे, आधी लागलं होतं.

परास्किवा: बरं, वाहा फुलं... थांब. ही सहाच आहेत.

सेराफिम: एक वाऱ्यानं उडालं!

परास्किवा: तुम्हाला नाही विचारलं. अंगे, सम फुलं मयताला वाहतात. लहानपणी शिकवलं होतं ना?

अंगेलिना: स्तेफान मेलेलाच आहे, आई.

परास्किवा: नवरी त्याला सात वाहते. सातवं कुठंय?

अंगेलिना: बाबांच्या खिशात. मीच काढलं.

सेराफिम: ...फोन अडकला वाटतं.

परास्किवा: नाही अडकला. म्हातारी हाक मारतेय. तिला उठवून बसवते आणि येते. फोन ठेवू नकोस, बाळा.

सेराफिम: चल. मागची नवरी भिजतेय.

अंगेलिना: एक मिनिट. श्रीमंत स्तेफान महाराज यांच्या सेवेशी. अर्जदाराच्या आईला आजच्या आज घरी पाठवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. सोबत सहा फुलं जोडली आहेत.