हिचा काही नेम नाही

आमच्या आईची तऱ्हा ऐका. माझ्या बहिणीबद्दल, सुमीबद्दल, तिची एकच तक्रार असायची, "हिचा काही नेम नाही." क्लासला निघालेली सुमी कबड्डीच्या मैदानातच सापडायची ना! पाहुणे येवोत, नाहीतर सोसायटीच्या बायका भेटोत, आईचं रडगाणं तेच.

परवा जुईनगरला सुमीची फायनल होती. आई पहिल्यांदाच बघायला आली, तीही कुरकुरत. सुमी चढाईला गेली, तसे समोरच्या टीमचे सर ओरडले, "पोरींनो, सांभाळा! हिचा काही नेम नाही!"

तेवढ्यात डावीकडे हूल देऊन, उजवीकडच्या दोघींना बाद करून सुमी परतलीसुद्धा.

आई ताडकन उठली. "अहो सर, आम्हाला घरी कधी सापडली नाही, तुमच्या पोरींना काय सापडणार?"