प्रसाद म्हणजे काय खाणं आहे का?

आईसमोर काढू नका हं हा विषय. मी जपानमध्ये नागोयात सॉफ्टवेअरच्या कामावर होते तेव्हा ती तीन महिने राहायला आली, आणि शुगरच्या गोळ्या पुण्यालाच विसरली. इन्शुरन्स नाही, मला नुसती धास्ती. शेजारची, पेरू देशातली रोसा म्हणाली, "रविवारी आमच्या लोकांसाठी फुकट तपासणी आहे. आईला आण, पण उपाशीपोटी."

हॉलमध्ये सगळी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आणि आम्ही दोघी. जपानी डॉक्टरांनी आईचं बोट टोचलं, आकडा बघितला आणि चष्माच काढला.

"सकाळपासून काही खाल्लं?"

मी आईला मराठीत विचारलं.

"छे! पूजेआधी मी पाणीसुद्धा पीत नाही."

"आणि पूजेनंतर?"

"प्रसाद घेतला."

"कसला?"

"शिरा. वाटीभर."

"आई, उपाशी यायचं होतं!"

"अगं, प्रसाद म्हणजे काय खाणं आहे का?"

मान खाली घालून मी ते जपानीत सांगितलं. रोसाने खिदळत ते शेजारी बसलेल्या तिच्या आजीला स्पॅनिशमध्ये ऐकवलं. आजी मात्र हसेना. तिने रोसाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि रोसाचं तोंड उतरलं.

"डॉक्टर, आजीनेही चर्चमधला केक खाल्लाय. देवाचा म्हणून मोजला नाही म्हणते."

डॉक्टरांनी दोघींना दोन तास बाजूला बसवलं. पुढचा माणूस आला.

"काही खाल्लं?"

"नाही."

डॉक्टरांनी नम्रपणे वाकून विचारलं, "आणि देवाने काही दिलं?"