पोट माझं, मत सगळ्यांचं

…आणि वर विचारतात, चव कशी आहे. अहो, चव असायला आधी त्यात काहीतरी असावं लागतं ना? तुम्हाला सांगतो, भाज्या उकळायच्या, मग त्या भाज्या फेकून द्यायच्या आणि उरलेलं गरम पाणी मला आणून द्यायचं, याला या हॉस्पिटलात सूप म्हणतात. आणि ते पाणी मी कसं प्यावं हे सांगायला कॉटभोवती ही गर्दी… हळू पी, फुंकून पी, टेकून बस, टेकू नकोस. पोट माझं, मत सगळ्यांचं.

आतड्याला सूज आहे. जुनीच. मध्येच शांत असते, मध्येच भडकते, आणि भडकली की मी इथे. डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या समजावलं, आधी गाळलेलं, ते पचलं तर मऊ, मऊ पचलं तर साधं जेवण, आणि साधं पचलं की घर. म्हटलं, "नाही पचलं तर?" तर म्हणाल्या, "मग सुजलेला तुकडा काढावा लागेल." असं म्हणाल्या, जसं शिंपी म्हणतो, बाही जरा लांब आहे, कापू या.

यावर घरच्यांनी काय म्हणावं? आत्या म्हणाली, "अरबट चरबट खाऊन झालंय हे." काका म्हणाले, "कॉलेज सोडून बसलाय. रिकामं डोकं पोट बिघडवतं." आता काकांच्या या नियमानं काकांचं पोट केव्हाच कामातून जायला हवं होतं, पण नाही, ते माझ्यासमोर बसून माझ्याच नावानं आलेली बिस्किटं खातायत.

कॉलेज का सोडलं, हे विचारलं कुणी? एका तासात तीनतीनदा हात वर करून "सर, जाऊन येऊ?" म्हणणाऱ्या मुलाला मागच्या बाकावरचे काय नावं ठेवतात… जाऊ दे, तुमच्या जेवणाची वेळ असेल. बाबांना सांगितलं होतं मी. बाबा पेपरमागून म्हणाले, "नाटकं आहेत." पेपरमागून म्हणजे संडासातून. आमच्या घरी सकाळी बाबा पेपर घेऊन आत जातात ते अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं संपल्याशिवाय बाहेर येत नाहीत. बाहेर मी, या पायावरून त्या पायावर, आणि आतून आवाज, "कळ सोसायला शीक जरा." आम्ही याला बाबांची वाचनाची आवड समजायचो.

तर गाळलेलं पचलं. मऊ भात आला. आता त्या भाताला भात म्हणणं म्हणजे… पण असो. दोन चमचे खाल्ले की औषधानं डोळे मिटायचे. जाग यायची तेव्हा ताटली लख्ख, आणि सिस्टर खूश, "शाब्बास, चाटूनपुसून संपवलंस की!" मी कॉटशेजारी स्टुलावर बसलेल्या बाबांकडे बघायचो, बाबा खिडकीबाहेर बघायचे. गुंगीत मलाही वाटायचं, खाल्लं असेल मीच. दर जेवणाला हेच. मग सिस्टरनं बाईंना सांगितलं, बाईंनी मला वरच्या वर्गात घातलं. साधं जेवण.

चार घास गेले आणि पोटात कुणीतरी ओलं फडकं पिळावं तशी कळ आली. पुढचं सांगत नाही. बाई आल्या, कपाळाला आठी. "मऊ इतकं छान पचत होतं आणि एकदम हे? म्हणजे आतडं औषधाला दाद देत नाहीये. सर्जनना बोलावते."

मी छताकडे बघत पडलो. पोट माझं, मत सगळ्यांचं, आणि आता सुरीही कुणाची तरी.

तेवढ्यात बाबा स्टुलावरून उठले. "डॉक्टर, थांबा. तो भात… यानं नाही खाल्ला. मी खाल्ला."

"तुम्ही? रोज?"

"हा दोन चमचे खाऊन झोपायचा. मला अन्न टाकवत नाही."

"अहो, पेशंटचं जेवण…"

"आणि तो मला पचला." बाबा स्वतःच्या चपलांशी बोलत होते. "कित्येक वर्षांत काही खाऊन पोट दुखलं नाही असं झालं नव्हतं. म्हणून मग दुसऱ्या दिवशीही खाल्ला."

बाईंनी पेन खिशात ठेवलं. "कित्येक वर्षं म्हणजे?"

आणि मग या माणसानं सगळं सांगितलं हो. कळा, रक्त, ऑफिसात दाराजवळचीच खुर्ची मागून घेणं, लग्नाकार्याला उपाशी जाणं आणि उपाशीच परत येणं. शब्दन्‌शब्द माझा. माझा आजार कुणीतरी पाठ करून म्हणून दाखवतंय असं वाटलं. मला राग आला. येणारच ना? म्हटलं, "मग मला नाटकं का म्हणालात?"

बाबा म्हणाले, "मला वाटायचं सगळ्यांनाच होतं. लोक बोलत नाहीत, एवढंच."

आता या उत्तराचं काय करायचं, तुम्हीच सांगा. कडकडून भांडायला तरी अंगात ताकद हवी, आणि मी पुन्हा गाळलेल्या पाण्यावर.

सर्जन तूर्त टळले. बाई म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू करू, या वेळी जेवणारा जेवेल. बाबांच्याही तपासण्या झाल्या आणि ते शेजारच्या कॉटवर आले. आत्या म्हणते, "आनुवंशिक आहे म्हणे. आमच्या घराण्यात असलं काही नाही बाई." ही बाबांची सख्खी बहीण. काका बाबांना सांगतायत, हळू पी, फुंकून पी. बाबा माझ्याकडे बघतात. मी खिडकीबाहेर.

काल मऊ भात आला, दोघांना. मी शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ला, डोळे ताणून, जागा राहून. बाबांनी त्यांची ताटली संपवली, माझ्या रिकाम्या ताटलीकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. आमच्या घराण्यात याला मिठी म्हणतात.

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आज सकाळी तर इतकं बरं वाटत होतं की पोटातून नेहमीची हाक आली तेव्हा मी जवळजवळ हसत उठलो. पण आमच्या या खोलीत कॉटी दोन, पोटं दोन, संडास एक.

आणि आत बाबा. पेपर घेऊन.