ऐच्छिक लाथ

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्हाला साधं मराठी कळत नाही का?’ मला! बावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्लाइडी पुसतोय मी! तुम्हाला सांगतो, चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘ऐच्छिक स्नायू. निरीक्षण करून वर्णन करा.’ आता ऐच्छिक म्हणजे काय हो? शाळेत चित्रकला ऐच्छिक होती, मी घेतली नाही. सहल ऐच्छिक होती, मी गेलो नाही. हवं तर करा, नाहीतर सोडा... मी सोडला!

आणि परीक्षा कसली, तर पुसणाऱ्यावरून प्रयोगशाळा सहायक होण्याची. वयाच्या अटीमुळे शेवटची संधी! पाच मायक्रोस्कोप, चारांवरचं लिहून झालं, पाचव्यापुढे मी आपला स्टुलावर पायावर पाय टाकून तासभर ऐटीत.

जळफळाट कशाचा होतो सांगू? तोच एक प्रश्न मला झोपेतसुद्धा आला असता! बायकोनं भांडी घासता घासता घोकून घेतला होता. ‘अहो, लांबच लांब तंतू म्हणा. एकेकात पुष्कळ केंद्रकं, तीही मधे नाहीत, कडेला, भिंतीला चिकटून उभी राहिल्यासारखी. आणि आडवे पट्टे, एक गडद एक फिकट, तुमच्या पायजम्यासारखे.’ म्हटलं, ‘पायजम्याचे उभे आहेत.’ तर म्हणते, ‘मग आडवे पडून बघा!’

परीक्षक बाई आल्या. ‘पाचवा कोरा का?’

‘बाई, ऐच्छिक होता. माझी इच्छा नव्हती.’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी होतोच तिथे.

‘अहो, ऐच्छिक म्हणजे आपल्या इच्छेनं हलणारा! हाडांना जोडलेला!’ घ्या! ऐच्छिक म्हणजे काय हो, तर हे! पण बाई मनाच्या मोठ्या. म्हणाल्या, ‘बरं, तोंडी सांगा.’

मग काय, मी सुटलोच! तंतू, केंद्रकं, पट्टे, पट्ट्यांत जाड धागे न् बारीक धागे, आणि बाई, स्नायू आखडतो तेव्हा धागे नाही हो आखडत, ते नुसते एकमेकांत सरकतात, ड्रॉवर आत सरकतो तसे सर... आणि पोटरीत गोळा! तासभर पायावर पाय, दुसरं काय होणार? असा गोळा, असा गोळा, की पाय आपला आपण सुटला तो थेट बाईंच्या नडगीवर!

बाई नडगी धरून, दातओठ खात, ‘पोटरीचा स्नायू कुठला?’

‘ऐ... ऐच्छिक.’

‘म्हणजे आत्ताचा पाय तुमच्या इच्छेनं आला?’

आता बोला! नाही म्हणावं तर उत्तर चुकतंय, बावीस वर्षं पाण्यात. हो म्हणावं तर... अहो, ‘गोळा आला’ एवढंच म्हणायचं होतं! पण जीभही ऐच्छिकच ना, नेमकी तेव्हा ऐकेना. डोळ्यांपुढे बायको, साबणाचे हात, ‘या वेळी तरी व्हा हो सहायक.’

‘हो बाई,’ मी म्हटलं, ‘पूर्ण इच्छेनं.’

काल लिफाफा आला. पास! दहापैकी दहा! बायकोनं मोठ्यानं वाचलं, तिचे डोळे भरले, माझेही भरले, खोटं कशाला बोलू? मग तिनं मागचा कागद काढला. ‘परीक्षकांस हेतुपुरस्सर लाथ मारल्याची स्वमुखाने कबुली दिल्यामुळे पुढील आदेशापर्यंत निलंबित.’

तर सध्या मी सहायक आहे. निलंबित सहायक. पण या वेळी नाही हो चुकलो! सरळ कार्यालयात गेलो आणि आधी विचारून घेतलं, ‘साहेब, हे निलंबन ऐच्छिक नाही ना?’