ताठ उभं राहता येईल अशी गाडी

मी मूळची निर्ण्याची, बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबादजवळच्या. घरात मराठी, शिवारात कन्नड, बाजारात दखनी, असं आमचं तोंड तीन चवींचं. पण पोट भरलं ते मराठीनं, कारण मी मराठी शाळेत बाई झाले आणि बदली होईल त्या गावात भाड्याच्या खोलीत राहिले. काय सांगू तुम्हाला, खोल्या बदलल्या, गावं बदलली, पण घरमालकीण एकच वाक्य बोलायची, बाई, भिंतीला खिळा ठोकू नका. मालक, म्हणजे माझे यजमान, गेले, मग मी रिटायर झाले, तर मुलगा हैदराबादहून न्यायलाच आला. महेश त्याचं नाव. त्याच्या फ्लॅटमधी मला हॉलमधला दिवाण. सगळ्यांचा टीव्ही बघून संपला की माझं अंथरूण पडायचं, आणि दूधवाल्याच्या आधी ते गुंडाळायचं. सून गुणाची आहे हो, तिच्याबद्दल एक शब्द न्हाई. पण पाय पसरावे तर ते कुणाच्या ना कुणाच्या वाटेत यायचे.

तेव्हा मनात आलं की गाडी घ्यावी. जुनी घ्यावी, आत फळ्या ठोकाव्या, गादी टाकावी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवावी, आणि तेच आपलं घर. महेश म्हणाला, आई, लोक म्हणतील पोरानं आईला रस्त्यावर काढलं. मी म्हटलं, सांग त्यांना, आई आपल्या पायानं निघाली, आणि पुढं चाकानं गेली. गाडी मला येते बरं का. बीदरला बदली होती तेव्हा डोक्यावरून हवाईदलाची विमानं गरजत जायची आणि खाली मी क्लच सोडायला शिकायची, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जायचे.

निर्ण्याला माझा थोरला भाऊ, अण्णा, शेती करतो. तो म्हणाला, सुशे, माझ्या अंगणात लाव गाडी, सुताराला मी सांगतो. मग आम्ही दोघं हुमनाबादला हायवेच्या कडेला, जिथं जुन्या गाड्या विकायला उभ्या असतात, तिथं गेलो. पहिली बघितली शाळेची पिवळी व्हॅन. आत शिरले तर मान मोडून बसावं लागलं, आणि सीटच्या फटीतून चिंचेच्या आंबट गोळ्यांचा वास आला. जीव जडला तिच्यावर, पण आयुष्यभर वाकले, आता घरात बी वाकू? दुसरी दुधाची. तिच्या पत्र्यात नासक्या दुधाचा वास असा मुरलेला की धुऊन जाणारा न्हाई, आणि खिडकी एक बी न्हाई. मी प्रत्येक गाडीत पेपर अंथरून आडवी व्हायची, मग उभी राहायची. लॉरीवाले बघायले, हसायले. अण्णा म्हणायला, कामून तमाशा करायलीस गं? मी म्हटलं, नवरी बघायला जाताना तिला चालून दाखव म्हणता न्हवं, तसंच हे.

तिसरी पांढरी. एका खासगी दवाखान्याची जुनी अ‍ॅम्ब्युलन्स. उंच छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या, आत फिनेलचा पुसट वास. मी आत गेले, आणि ताठ उभी राहिले. हात वर केला तर बोटांची टोकं तेवढी छताला लागली. बाहेर उन्हाळ्याचं ऊन होतं, पण दुधी काचेतून ते चांदण्यासारखं मऊ होऊन माझ्या पायांवर पडलं. मी म्हटलं, हीच.

अण्णाचा चेहरा उतरला. मुडद्याची गाडी हाय ती, म्हणाला. ती विकणारे कासीमभाई तिचेच जुने ड्रायव्हर. ते म्हणाले, मुर्दे कू क्या जल्दी अम्मा, जल्दी तो जिंदे कू रहती. सायरन जित्त्यासाठीच वाजवत होतो, किती बाया वाटेतच बाळंत झाल्या हिच्यात. मी विचारलं, आणि कोणी गेलं न्हाई? खोटं बोलले न्हाईत ते. म्हणाले, गेले की, दो-चार गये, दवाखाना दूर था.

झालं. आमच्याकडं माणूस जिथं जातं तिथं पीठ पसरून दिवा लावतात, वेताच्या पाटीखाली झाकतात, आणि सकाळी पिठावर कशाचा ठसा उमटला ते बघतात, त्या जन्माला जीव गेला म्हणतात. अण्णा म्हणाला, घरात गेलेल्याला दिवा मिळतो, पळत्या गाडीत गेलेल्याला कोणी लावला? ते जीव तिथंच घुटमळायलेत. ही गाडी माझ्या अंगणात येणार न्हाई. मी म्हटलं, नको येऊ दे.

घेतली तीच. अण्णाच्या फाटकाबाहेर, रस्त्यावरच्या कडुलिंबाखाली लावली. दिवेलागणीला आत ज्वारीचं पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर पाटी झाकली. नावं ठाऊक न्हाईत, म्हणून नुसतं म्हटलं, बाबांनो, तुमचा दिवा राहिला होता, हा घ्या, आणि सुखानं निघा. सकाळी सगळी गल्ली जमली. पिठावर मांजराची पावलं! मागची काच मीच उघडी टाकलेली. अण्णा ओरडला, बघ, बघ! मी म्हटलं, बरंच झालं की, उंदराची काळजी मिटली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

सुतार काही अण्णानं पाठवला न्हाई. मी हुमनाबादचा आणला. गादी टाकून झाली त्या दुपारी वहिनी आल्या. गुडघे धरधरून वर चढल्या, गादीवर हात फिरवला आणि हळूच आडव्या झाल्या. डोळे मिटून म्हणाल्या, आक्का, लग्न झाल्यापासून दुपारी पाठ टेकली न्हाई बघा मी. लिंबाची सावली खिडकीतून त्यांच्या तोंडावर हलायली होती. तेवढ्यात फाटकातून अण्णाची हाक, अगं चहा! वहिनी हलल्या न्हाईत. दुसरी हाक आली, तेव्हा पडल्या पडल्या म्हणाल्या, दूध चुलीजवळ हाय, पत्ती फळीवर.

त्यानंतर अण्णा दोन्ही बायांशी बोलत न्हाई. चहा मात्र करायला शिकलाय, साखर जास्त घालतो म्हणे.

आता मी निघायलेय. आधी औरादकडं, मग वाटेल तिकडं. महेश फोनवर विचारतो, आई, राहणार कुठं? मी सांगते, गाडी थांबेल तिथं, आणि तुला यायचं तर ये, पण अंथरूण तुझं तू आण. वहिनी पुढच्या सीटवर बसून बघायल्यात, अजून हो म्हणाल्या न्हाईत, न्हाई बी म्हणाल्या न्हाईत. अण्णा फाटकात उभा हाय. चांगला ऱ्हा म्हणावं त्याला, दोनशे वर्षं जगावं त्यानं. मी काही गाडी बदलणार न्हाई.